ब्रह्मांड फिरते का

देवाजी कापगते भिलाईच्या स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून रिटायर झाले आणि मरोद्याचं कंपनीचं क्वार्टर सोडून वैशाली नगरात स्वतःच्या घरी राहायला आले. त्यांची पोरगी प्राची पुण्यात आकाशाचा अभ्यास करायची. संक्रांतीला ती घरी येणार म्हटल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात देवाजींनी तिचं भाषण ठेवून टाकलं.

स्टेशनवरून येताना मंडळाच्या हॉलच्या फाटकावरचा फ्लेक्स प्राचीला दिसला. ‘भिलाईची लेक सांगणार : ब्रह्मांड फिरते!’

घरी येताच तिने बॅग खाली ठेवली. “बाबा, मी फोनवर ‘फिरते का’ असं सांगितलं होतं. तुम्ही ‘का’ कुठे घालवला?”

“‘का’ कायले पाह्यजे? इतके वर्ष तेच तं शोधून राहिली तू.”

“शोधलं. पण फिरताना दिसलं नाही.”

देवाजींचा चहाचा कप हातातच राहिला. स्वयंपाकघरातून प्राचीची आई सिंधुताई बाहेर आल्या.

प्राचीने समजावून सांगितलं. आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे एकत्र फिरतात, त्या समूहाला दीर्घिका म्हणतात. काही आपल्याला उजवीकडे फिरताना दिसतात, काही डावीकडे. सगळं ब्रह्मांडच एका बाजूला फिरत असतं, तर कदाचित त्या बाजूच्या दीर्घिका जास्त निघाल्या असत्या. तिने आणि तिच्या सोबत्यांनी ढीगभर फोटो तपासले. दोन्हीकडच्या जवळजवळ सारख्याच निघाल्या.

“म्हणजे वाया गेलं?” देवाजींनी हळूच विचारलं.

“नाही बाबा. फिरत असलंच तर इतकं हळू, की आमच्या मापात येत नाही. एवढं आता कळलं. पुढचा माणूस याहून बारीक माप घेऊन बसेल.”

“तुले वाईट नाई वाटत?”

“आधी वाटलं. आता फक्त तुमच्या त्या फ्लेक्सचं वाटतं.”

सिंधुताईंना हसू आवरेना. “मी म्हटलंच होतं ह्यायले, पोट्टीले एकडाव विचारून घ्या म्हणून. पण हे कोणाचं आयकतीन तं ना!”

जेवण झाल्यावर देवाजींनी लाल पुठ्ठा आणि कात्री घेतली, आणि ते स्कूटरवरून हॉलकडे गेले. संध्याकाळी पाहिलं तर ‘फिरते’च्या पुढे थोडा वाकडा ‘का?’ चिकटला होता. उद्गारचिन्ह काही निघालं नव्हतं. ते तसंच होतं.

माईक हातात घेऊन देवाजीच आधी बोलले. “पोट्टीनं सवाल सांगतला होता, मीनं जवाबच छापून आणला. माफ करा. आता तिलेच आयका.” लोक हसले आणि खुर्च्या पुढे सरकवून बसले.

जे घरी सांगितलं तेच प्राचीने सांगितलं, फोटो दाखवले. शेवटी पहिल्या रांगेतल्या शकुबाई उठल्या. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्या शिवत, आणि कोणत्याही सभेत गप्प बसत नसत.

“फिरत नसन तं नसन. पण याच्या बीचमधी काय हाये, थे सांग.”

“बीच, म्हणजे मधोमध असं काही नाहीच, मावशी. इथून पाहिलं तर लांबच्या सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर जाताना दिसतात. आणि तिकडे कोणी बाई बसली असेल, तर तिलाही तस्संच दिसेल.”

“म्हंजे तिलेही वाटत असन का आपणच बीचमधी हाओत?”

“हो.”

“मंग बरं हाये,” शकुबाई खाली बसल्या. “कोणाचं भांडण नाई.”

हॉलभर हशा पिकला. प्राचीही इतकी हसली की पुढचा प्रश्न तिने दोनदा विचारायला लावला.

तिळगूळ वाटून झाला. बाहेर हिरवळीवर समोसे-चहा सुरू होता. मंडळाचे जुने सेक्रेटरी भाऊराव देवाजींना गाठून म्हणाले, “काय देवाजी, मंग नाई फिरत ना शेवटी?”

“असं कसं म्हणता, भाऊराव? माप पाह्यजे ना त्याले!” देवाजींनी बशी कठड्यावर ठेवली आणि ते एक हात उजवीकडे आणि एक डावीकडे गोल फिरवू लागले. “हे पाहा. इतके तारे इकडे फिरून राहिले, इतके तिकडे…”

“दीर्घिका, बाबा,” समोसा खाता खाता प्राची लांबूनच म्हणाली.

“हाव, दीर्घिका,” देवाजी म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.