रोज एक

चर्चच्या मंडळीत तिला सगळे 'होबाई' म्हणत. वेदीवरची फुले असोत, आजाऱ्यांच्या भेटी असोत की रविवारच्या शाळेतली पोरे. कुणी तोंड उघडण्याआधीच तिचा होकार तयार असे. दिवसभर ती औषधांच्या दुकानात उभी राही. पाकिटांवर डोस लिहिणे तिचे काम, आणि अक्षर मोत्यासारखे. दुर्दैवाने हे तिच्या थोरल्या नणंदेलाही ठाऊक होते.

नणंद महिला मंडळाची अध्यक्ष. "वहिनी, दोन आठवड्यांत पाचशे कार्डं तर लिहायचीत. प्रत्येकावर बायबलातलं एक वचन आणि वर ठळक 'रोज एक'. तुझा हात म्हणजे काय, यंत्रच!"

"इतक्यात कसं व्हायचं, वन्सं?"

"देवाच्या कामात घड्याळ बघतेस?"

तिने मान डोलावली. दोन आठवडे ती पहाटे आणि जेवणाच्या सुट्टीत लिहीत राहिली. डोळ्यांत वाळू खुपे. रोज ती देवाकडे शक्ती मागे. झोप मागावी, हे तिला एकदाही सुचले नाही.

गुरुवारी दुपारी निवृत्त शिक्षकांची पत्नी दुकानात आली. "सरांच्या तोंडात फोड आलेत हो. पाणी गिळवत नाही. लावायला काही द्या."

"आणखी काही घेतात का ते?"

"तुम्ही शुक्रवारी दिलेल्या सांध्यांच्या गोळ्या. त्या मात्र चुकवत नाहीत हं! तुमचं अक्षर म्हणजे त्यांना कायदा."

बाईंनी पिशवीतून पाकीट काढले. त्यावर मोत्यासारखे दोनच शब्द होते : रोज एक.

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. रोज घेतली तर ती आधी तोंड सोलते, मग रक्तातल्या पेशी घटवते.

"किती घेतल्या?"

"सहा. आजची जेवल्यावर देणार आहे."

"देऊ नका! चूक माझी आहे. त्यांना आत्ता इस्पितळात न्या." तिने डॉक्टरांना फोन लावला, सारे कबूल केले, आणि त्या दोन आठवड्यांतल्या एकूण एक गिऱ्हाइकाला फोन करून पाकीट वाचायला लावले. बाकीची बरोबर निघाली.

संध्याकाळी नणंद घरी आली ती कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊनच. "सरांसाठी साखळी प्रार्थना ठेवलीय, एकीमागून एकीनं करायची. पहिलं नाव तुझं. आणि एवढी साठ उरलीत."

"नाही."

बोलणारी दुसरीच कुणी असावी तसे नणंदेने मागे वळून पाहिले. "प्रभूने कुणाला नाही म्हटलं होतं का गं?"

"म्हटलं होतं. सारा गाव त्याला शोधत होता, तरी तो मागे फिरला नाही, पुढच्या गावी गेला. वादळात नावेत झोपलासुद्धा."

"तो देव होता!"

"तेच म्हणतेय, वन्सं. देवालाही झोप हवी होती. मला नको होती. मी त्याच्याहून मोठी झाले होते."

गठ्ठा नणंदेच्या हातात परत देऊन तिने दार लावले. तेवढ्यात फोन वाजला. शिक्षकांची पत्नी होती. "रक्तातल्या पेशी उतरताहेत म्हणतात. तीन दिवस काही सांगता येत नाही. सरांना बोलवत नाही. पण नर्सने दिलेलं प्रत्येक पाकीट ते उजेडात धरून अक्षर बघतात."

फोन ठेवून ती अंथरुणावर आडवी झाली आणि तिने आयुष्यात प्रथमच देवाकडे झोप मागितली. डोळे मिटले. उजव्या हाताची बोटे मात्र चादरीवर तेच दोन शब्द गिरवीत राहिली.