वडिलांच्या रकान्यातला आकडा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत सकाळपासून चादरींना इस्त्री करून आईचे पाय भरून आले होते. त्यात वाफेने उजव्या हाताचा अंगठा भाजलेला. पण कॉलेजातली जागा आज पाच वाजेपर्यंतच राखून ठेवलेली होती, आणि पाय काय, रोजच दुखतात. लेकीला घेऊन ती तशीच निघाली.

कॉलेज एका धर्मसंस्थेचं, एवढंसं. तीनशे मुलं, एक प्रार्थनाघर आणि जिना चढून गेलं की मदतीचं ऑफिस. तिथे हिशेब बघणाऱ्या सिस्टर बसत. सत्तरीच्या घरातल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि शिस्त अशी की देवाकडेसुद्धा पावती मागतील.

"पत्र वाचलंत ना?"

"वाचलं की," आई म्हणाली. "नव्वद हजार फी, पन्नास मदत, चाळीस आम्ही भरायचे. तेवढे नाही हो जमत, सिस्टर. तीस जमतील, तेही ओढूनताणून."

"पन्नास कुठली मदत, बाई?" सिस्टरनी पेन्सिलीने दोन ओळींवर खुणा केल्या. "वीस मदत, तीस कर्ज. दोन्ही एका यादीत छापतात, म्हणून सगळेच फसतात. कर्ज उद्या तुम्हीच फेडायचं, वर व्याज. म्हणजे कॉलेज तुम्हाला पडतं सत्तर हजारांना. खरा आकडा तो."

कुणी बसा म्हटलं नव्हतं, तरी आई खुर्चीत बसली.

"पण मदत इतकी कमी का?" लेकीने विचारलं.

"तुझ्या वडिलांमुळे." सिस्टरनी अर्ज तिच्याकडे फिरवला. "परगावी नोकरी, दरमहा घरी पैसे पाठवतात. तूच लिहिलंयस."

लिहिलं होतं खरं, वळणदार अक्षरात, जरा ऐटीतच. का नाही लिहिणार? नऊ वर्षांपूर्वी बाप घर सोडून गेला तेव्हा आईने शेजाऱ्यांना सांगितलं, लांब नोकरी लागली त्यांना. एकदा सांगितलं की निभावणं आलं. मग दर एक तारखेला ती आपल्या ओव्हरटाइमचे पैसे पाकिटात घालून लेकीपुढे ठेवू लागली, "बाबांनी पाठवलेत." ओव्हरटाइम तिच्या पगाराच्या चिठ्ठीतही होताच. म्हणजे अर्जात तेच पैसे दोनदा कमावले गेले होते, एकदा तिने आणि एकदा नसलेल्या नवऱ्याने.

"यात काही चुकलं असेल, तर हाताने लिहून द्या, आपल्या शब्दांत," सिस्टर म्हणाल्या. "टाइप केलेलं आम्ही घेत नाही."

आईने पेन उचललं. पट्टी बांधलेल्या अंगठ्यात ते धरवेना. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"मुलीने लिहिलं तरी चालेल. सही तुमची."

लेकीला पाणी आणायला पाठवावं, असं आईच्या मनात येऊन गेलं. पण लिहायला तीच तर हवी होती. आणि खोटं बोलायची ताकदही आता उरली नव्हती; फार थकली होती ती.

"लिही," ती म्हणाली. "माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. त्याचा पत्ता मला माहीत नाही. त्याने आजवर एक पैसाही पाठवलेला नाही."

'नऊ'पाशी पेन थांबलं.

"बाबांनी पाठवलेली सायकल?"

"ओव्हरटाइम."

"आणि एक तारखेचं पाकीट?"

"तेही."

सिस्टर उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत बसल्या. लेकीने राहिलेली वाक्यं लिहिली. अक्षर तेवढंच वळणदार होतं. आईने दात आवळून सही केली. मग सिस्टरनी पुन्हा आकडेमोड केली, शिक्का मारला.

"साठ मदत. कर्ज नाही. तुमचे तीस."

हवा तो आकडा मिळाला होता. आईला आनंद झाला नाही. पोरीचा बाप आज आपणच तिच्याकडून काढून घेतला, एवढंच तिला कळत होतं.

जिन्याच्या मध्यावर लेक थांबली. "बाबांना लिहिलेली माझी पत्रं? पोस्टात टाकते म्हणून तू नेलेलीस ती?"

"लाँड्रीतल्या माझ्या कपाटात आहेत," आई म्हणाली. "सगळी वाचलीत मी. पुन्हा पुन्हा वाचलीत."

लेक दोन पायऱ्या उतरली. पाठमोरीच म्हणाली,

"मग एखाद्याचं उत्तर तरी लिहायचंस ना गं."