मागून काढलेले फोटो

माझा दादा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. म्हणजे कामगारांनी हेल्मेट घातलंय का ते बघायचं आणि नसेल घातलं तर भाषण द्यायचं. आमच्या घरात कुणी हेल्मेट घालत नाही, त्यामुळे इथे भाषणासाठी त्याला दुसरे विषय शोधावे लागतात. मध्यंतरी त्याला आईच्या फोनमधले फोटो सापडले.

आईचं केस कापायचं दुकान आहे. खुर्च्या दोन, एक तिची, एक माझी. गिऱ्हाइकाचे केस कापून झाले की आई त्याच्या डोक्याचा मागून फोटो काढते आणि खाली नाव आणि एखादी ओळ लिहिते. ‘टायपिस्ट बाई. मानेवर दोन बोटं. उजवीकडे भोवरा आहे, तिथे आखूड करायचं नाही.’ समोरची बाजू माणूस स्वतःच आरशात बघतो आणि काय हवं ते सांगतो, मागचं त्याला जन्मात दिसत नाही, तेव्हा ते आपण लक्षात ठेवायचं, असं तिचं म्हणणं. फोनभर नुसती डोकी, आणि तोंड एकालाही नाही. पाहुण्यांना फोटो दाखवायची आमच्याकडे कधी वेळ आली नाही.

पण गेलं वर्षभर ही नुसती सवय राहिलेली नाही. आई विसरायला लागली आहे. हात अजून चोख चालतो, पण कोण, कधी, कसं, यातलं काही कधीकधी जागेवर सापडत नाही. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि हात वर केले. तेव्हापासून आमचं ठरलंय. दारातून कुणी आलं की मी माझ्या खुर्चीपासून मोठ्यानं म्हणायचं, “या, टायपिस्ट बाई,” की आई फोनमध्ये टायपिस्ट बाई शोधणार. गिऱ्हाइकांना वाटतं, केवढं यांचं अगत्य! ते फोटो आहेत तोवर आई दुकानात उभी राहू शकते, आणि दुकानात उभी आहे तोवर ती आई आहे. यातलं दादाला काही कळू द्यायचं नाही, अशी तिनं मला ताकीद दिली होती. “त्याला कळलं तर माझ्या डोक्यातसुद्धा एखादं ॲप टाकेल,” ती म्हणाली. दादाला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटलं असतं.

तर दादानं एका रविवारी तिचा फोन चाळला आणि त्याला घामच फुटला. एवढे फोटो आणि एकाच फोनमध्ये? फोन पडला तर? पाण्यात गेला तर? मी म्हटलं, इंटरनेटवर ठेव ना कुठेतरी, सगळं जग ठेवतं. झालं, भाषण सुरू. परक्या कंपनीकडे आपले फोटो ठेवायचे म्हणजे आपल्या कपाटाची किल्ली वाटेवरच्या माणसाच्या हातात द्यायची. आपले फोटो आपल्याच यंत्रांवर हवेत. वायरची भानगड नको, कुणाचे उपकार नकोत. टायपिस्ट बाईंच्या भोवऱ्यावर नेमका कोणाचा डोळा आहे, हे मी विचारणार होते, पण उंटावरच्या शहाण्याला खाली उतरवायला जाऊ नये. तो आपल्याच अंगावर पडतो.

टॉवेलांच्या कपाटाखाली एक जुना कॉम्प्युटर येऊन बसला, त्याला एक डिस्क जोडली गेली, आणि तिसरा दादाचा लॅपटॉप, त्याच्या घरी. आईनं फोन चार्जिंगला लावला की फोटो वायफायवरून आपोआप कॉम्प्युटरवर, तिथून डिस्कवर, तिथून लॅपटॉपवर. “तीन ठिकाणी,” दादा सारखा तीन बोटं नाचवत होता. दुकानाला आग लागली तरी फोटोंना धक्का लागणार नाही म्हणे. आग लागली तर आईनं आणि मी काय करायचं, याचा त्या योजनेत विचार नव्हता. यात मी काय करायचं, असं आईनं विचारलं, तर तो म्हणाला, काही नाही, रोज फोन चार्ज कर. ते ती आधीपासून करतच होती, पण टाळ्या दादाला मिळाल्या.

त्यानं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, कारण ती त्याला मोठी हुशारी वाटत होती. चारही यंत्रं त्यानं अशी बांधली होती की एकीकडे जे होईल ते सगळीकडे व्हावं. मग त्याचा लॅपटॉप भरत आला, तेव्हा घरी बसून त्यानं ‘सारखे दिसणारे फोटो शोधा’ हे बटण दाबलं. आता तीच खुर्ची, तेच निळं कापड, तीच भिंत आणि मधे एक बिनतोंडाचं डोकं. यंत्रानं इमानदारीत कळवलं की तुमच्याकडे मोजकेच चार-पाच फोटो आहेत, बाकी सगळ्या त्यांच्याच प्रती. दादानं डोळे बारीक करून पाहिलं, त्यालाही तसंच वाटलं. त्यानं बाकीचे काढून टाकले. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण अर्धवट काम त्याला खपत नाही. लॅपटॉपनं डिस्कला सांगितलं, डिस्कनं कॉम्प्युटरला, कॉम्प्युटरनं आईच्या फोनला. आमच्या घरात कुणी कुणाचं इतकं मुकाट्यानं ऐकल्याचं हे पहिलंच उदाहरण.

दुसऱ्या दिवशी टायपिस्ट बाई आल्या. मी “या, टायपिस्ट बाई” म्हटलं. त्या बसल्या आणि म्हणाल्या, नेहमीसारखंच. आईनं फोन उघडला. बोट वर-खाली फिरत राहिलं, मग नुसतंच काचेवर थांबलं. मी माझ्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून तिकडे जाणार, तेवढ्यात तिनं फोन खिशात टाकला आणि कात्री उचलली. तिनं सुरेख केस कापले. फक्त ते दुसऱ्याच कुणाचे होते. भोवऱ्यावरचे केस ताठ उभे राहिले. टायपिस्ट बाईंनी हातानं मागे चाचपून पाहिलं, पैसे ठेवले आणि पुढच्या वेळेचं काहीच न ठरवता गेल्या. त्यानंतर सकाळभर आईनं दुसऱ्या कुणाला हात लावला नाही.

दुपारी मी दादाला बोलावून घेतलं. तो आला, आईच्या खुर्चीत बसला, कारण लॅपटॉपला वीज तिथेच मिळते, आणि मान खाली घालून फोटो परत मिळतात का ते शोधू लागला. मिळत नव्हते. तरी तोंड चालूच. एवढं काय बिघडलं, डोकी तर जागेवर आहेत, माणसं पुन्हा आली की पुन्हा काढा. चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मागे टॉवेल धुवायला गेली होती, आज सगळं बोलूनच टाकावं असं मला वाटलं. पण तेवढ्यात ती बाहेर आली.

तिला खुर्चीत एक पाठमोरा माणूस दिसला. मी “या” म्हटलं नव्हतं, म्हणायचं काही कारणच नव्हतं. तिनं निळं कापड झटकलं, दादाच्या गळ्याभोवती बांधलं, लॅपटॉप त्याखाली झाकला गेला.

“पहिल्यांदाच आलात ना?” तिनं विचारलं.

दादा हसला. आमच्याकडे प्रेमसुद्धा टोमण्यातूनच करतात, हा त्यातलाच एक असं त्याला वाटलं. हसत हसत त्यानं वर आरशात पाहिलं. आई हातात कंगवा घेऊन उत्तराची वाट बघत होती. चेहऱ्यावर तिचं ते दुकानातलं हसू, जे आम्हा दोघांच्या वाट्याला कधी आलेलं नाही. दादाची नजर आरशातूनच माझ्याकडे वळली. टोमणा नाही, अशी मी मान हलवली.

“हो,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच.”

आईनं त्याचे केस कापायला घेतले. ती त्याला हवापाण्याचं विचारत होती आणि माझा बडबड्या भाऊ ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलत होता. सकाळपासून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आता मला त्याची इतकी दया आली की मी झाडू घेऊन माझ्या खुर्चीखालचे नसलेले केस झाडायला लागले.

कापून झाल्यावर आईनं ब्रशनं मान साफ केली, फोन काढला, मागे सरकून फोटो घेतला.

“नाव काय लिहू?”

दादानं नाव सांगितलं. मग सावकाश पुन्हा सांगितलं. आईनं एकेक अक्षर लावून ते लिहिलं आणि पूर्ण झाल्यावर वाचून पाहिलं.

“छान नाव आहे,” ती म्हणाली. “कुणी ठेवलं?”