विरघळलेली पट्टी

टिंग! चिमटा ताटलीत पडला.

“निघाला का गं पाय?” डोळे घट्ट मिटून पडलेल्या सासूबाईंनी विचारलं.

“पाय कुठला निघतोय, आई! नुसता वरचा गॉज काढलाय,” सून म्हणाली.

टाचेच्या या जखमेने वर्षभर घराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. साखरेचा आजार, त्यामुळे जखम भरायचं नाव घेईना. शेवटी डॉक्टरांनी सासूबाईंच्याच पोटातली थोडी चरबी काढली, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करून एका पातळ, आपोआप विरघळणाऱ्या पट्टीवर पेरल्या आणि ती पट्टी जखमेत बसवली. एवढं करूनही गुण आला नाही, तर पाऊल काढावं लागणार होतं. “जन्मभर ज्या पोटाला सगळ्यांनी नावं ठेवली, ते आता पायाच्या मदतीला धावतंय बघा,” असं म्हणून सासूबाईंनी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हसवलं होतं.

सुनेला नर्सबाईंनी बजावलं होतं, वरचा गॉज बदला, आतल्या पट्टीला हात लावू नका. पण हाताला वर्षाची सवय! चिकटलेलं सगळं ओढून काढायचं, जखम लख्ख करायची. आज गॉज उचलला आणि आत पट्टी दिसेचना. सवयीने ओढून काढली की काय? गॉज उलटापालटा केला. काहीच नाही. तिने लगेच नर्सबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

“ताई, माझ्या हातून घोळ झाला बहुतेक.”

“आधी जखम दाखवा. जवळून. वास येतोय?”

“नाही.”

“तळ बघा, कसा लालबुंद, दाणेदार दिसतोय! आणि कडेने गुलाबी कातडी आत सरकतेय. पट्टी विरघळली हो, काम करून गेली ती. पूर्ण भरायला वेळ लागेल, पण पाय वाचला म्हणा!”

सुनेला हसू आणि रडू एकदमच आलं.

“आता कुणी मला वजन कमी करा म्हणून दाखवा,” सासूबाई म्हणाल्या.

पलंगाच्या कडेला हनुवटी टेकवून सुनेची छोटी लेक केव्हापासून टाच न्याहाळत होती.

“आई, पट्टी गेली कुठे?”

“आजीच्या अंगात विरघळली, राणी.”

लेकीने आजीच्या घोट्यावर अलगद बोट ठेवलं. “मग आता इथे पट्टी आहे, की आजी?”

सुनेने हसून नवा गॉज उघडला. सासूबाईंनी नातीचं बोट धरून आपल्या पोटावर ठेवलं.