साखळीतलं शेवटचं घर

शाळेने पालकांचा ग्रुप बंद केला, त्याला कारण होतं. मागे पोटाच्या तक्रारींची साथ आली तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ग्रुपवर 'पाणी उकळून द्या' एवढंच लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याखाली चार प्रकारचे काढे, 'दहा जणांना पाठवा' अशी एक शपथ, कुणाच्या तरी मेहुण्याने पाठवलेला मेलेल्या उंदराचा फोटो आणि तीन 'सुप्रभात' जमा झाले. पाणी तेवढं बऱ्याच घरी उकळायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रुपला कुलूप ठोकलं आणि आपल्या तरुणपणीची पद्धत बाहेर काढली. फोनची साखळी. प्रत्येक वर्गातल्या पहिल्या घरी शाळेतून फोन जायचा, त्या घराने दुसऱ्याला करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. ऐकलं ते शब्दाला शब्द पुढे द्यायचं. आणि शेवटच्या घराने उलट शाळेला फोन लावून निरोप म्हणून दाखवायचा. सगळ्या वर्गांचे निरोप नीट परत आले की मगच बाई ऑफिसचा दिवा मालवून घरी जायच्या.

दुसरीच्या साखळीत शेवटचं घर चिमीचं. तिचं नाव शाळेत सगळ्यांच्या मागून, अर्धं वर्ष उलटल्यावर घातलं होतं, म्हणून शेपूट तिच्या आईच्या वाट्याला आलं.

चिमीच्या आईला शाळेच्या फाटकापाशी 'चौकशी खिडकी' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, कारण नवऱ्यानेच हसत हसत घरी येऊन सांगितलं होतं. पाण्याची टाकी कधी धुतली, बसचं मागचं दार आतून उघडतं का, वर्गातल्या पंख्याचा आवाज बदललाय तो का, असं ती विचारायची. विचारलेलं दर वेळी वावगं असायचं असंही नाही. बसचं दार खरोखरच धावत्या बसमध्येही आतून उघडत होतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. तेव्हापासून ती प्रश्न मनातल्या मनात आधी दोनदा घोळवून बघायची आणि बहुतेक वेळा गिळून टाकायची.

तिच्या आधीचं घर शिंपीकाकांचं. त्यांची नात चिमीच्या बाकावर बसायची. नातीचे आईबाप दोघेही कारखान्यात, पाळीवर फोन बाहेर ठेवून आत जायचे, त्यामुळे शाळेकडे नंबर दिलेला होता तो दुकानाचा. काका फोन खांद्यात धरून बोलायचे आणि पाय शिलाई मशीनच्या पायट्यावरच असायचे. त्यांचा निरोप यायचा तो नेहमी मशीनच्या खडखडीतून.

त्या दुपारीही तसाच आला. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, बाळ चटईवर उताणं पडून स्वतःच्या पायाचा अंगठा शोधत होतं.

"ताई, घ्या निरोप," काका म्हणाले. "चौथीतल्या एका मुलाला गोवर आलाय. शाळा सोमवारपर्यंत बंद. ज्यांना गोवराची लस टोचलेली आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. कुणाला ताप आला तर घरी ठेवा आणि शाळेला कळवा."

मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. काळजी करू नका."

तिने फोन ठेवला आणि हातातल्या टॉवेलाची तिसऱ्यांदा घडी घातली. चिमीच्या लसी झालेल्या होत्या. बाळाची गोवराची अजून व्हायची होती, सात महिन्यांच्या बाळाचं वय त्यात बसत नव्हतं. आणि परवा शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथे ती त्याला कडेवर घेऊन गेली होती. चौथीच्या मुलांनी केलेल्या मातीच्या प्राण्यांपाशी बराच वेळ उभी राहिली होती, कारण बाळाला तिथला हत्ती सोडवत नव्हता. टेबलामागच्या एका मुलाने त्याच्या गालाला बोटही लावलं होतं. मुलगा शिंकत होता की काय, ते तिला आता आठवेना, आणि जितकं आठवायला जावं तितका तो जास्तच शिंकायला लागला.

"आता कुणाला फोन लावतेस?" सासूबाईंनी विचारलं. त्या खिडकीत बसून चष्मा पुसत होत्या.

"शाळेत. बाळाचं विचारावं म्हणते."

"विचार. त्या बाईंना तुझा आवाज तोंडपाठ झाला असेल एव्हाना. नाव सांगायचीसुद्धा गरज नाही."

"तसं नाही, आई. परवा हॉलमध्ये..."

"अगं, सांगण्यासारखं काही असतं तर शाळेने सांगितलं नसतं का? साखळी कशाला केलीय एवढी?"

सासूबाई वाईट बोलत नव्हत्या. बोलण्यात मुद्दाही होता. शाळाभर निरोप फिरवणाऱ्या बाई लसीचा उल्लेख करतात आणि तान्ह्या बाळांचं विसरतात, असं कसं होईल? बाळाबद्दल काही आलेलं नाही, त्या अर्थी बाळाबद्दल काही नसणार. तिने प्रश्न गिळला.

उलटा फोन मात्र करायचाच होता. तो काळजीचा नव्हता, नेमून दिलेला होता, त्यावर कुणी हसू शकत नव्हतं. फक्त म्हणून दाखवायचं, काहीही विचारायचं नाही, असं ठरवून तिने नंबर लावला आणि कविता म्हणावी तसा निरोप एका दमात म्हणून टाकला. शाळेला कळवा. संपलं.

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"पुढचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पुढचं काय?"

"पुढे एक वाक्य आहे. बाकी सगळ्या वर्गांकडून ते परत आलंय." बाईंचा आवाज वाचून दाखवल्यासारखा सपाट झाला. "परवा प्रदर्शनाला ज्यांनी वर्षाच्या आतलं बाळ हॉलमध्ये आणलं होतं, त्यांनी आजच्या आज बाळाला डॉक्टरांकडे न्यावं. उद्यावर ढकलू नये. तुमच्यापर्यंत हे आलं नाही?"

"नाही."

"तुमच्याकडे लहान बाळ आहे का?"

"आहे. कडेवर होतं."

"मग फोन ठेवा आणि निघा," बाई म्हणाल्या. "साखळीचं मी बघते."

दवाखान्यात गर्दी होती, पण शाळेचं नाव सांगितल्यावर नर्सने तिला बाकीच्यांपासून वेगळं, मागच्या दाराने आत घेतलं. डॉक्टरांनी बाळाचं वय विचारलं, कोणता दिवस ते विचारलं, बोटांवर मोजलं. "संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत लस दिली तर बहुधा उपयोग होतो. तुम्ही आत आहात. ही जास्तीची धरायची, ठरलेल्या वयाची तरीही द्यायची." बाळ रडलं, मग सुईपेक्षा नर्सच्या टोपीत त्याला जास्त रस वाटायला लागला. उद्या आलो असतो तर काय, हा प्रश्न तिने विचारला नाही. तिने मोजायला सुरुवात केली होती आणि उत्तर तिचं तिलाच येत होतं.

परतताना ती शिंप्याच्या दुकानाशी थांबली. काकांनी तिच्या खांद्यावर झोपलेलं बाळ पाहिलं, त्याच्या मांडीवरची चिकटपट्टी पाहिली, आणि पायट्यावरचा पाय खाली घेतला.

"बाईंचा फोन आला होता," ते म्हणाले.

"तुम्हाला ते वाक्य मिळालं होतं, काका?"

"मिळालं होतं."

"मग?"

काकांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "खरं सांगू ताई? वाक्य आलं तेव्हाच मला कळलं की हे तुमच्यासाठीच आहे. आपल्या रांगेत बाळ दुसऱ्या कुणाकडे आहे? म्हटलं, तुम्ही आधीच इतक्या काळजी करणाऱ्या. घरी एकट्या, सोबत म्हातारं माणूस. फोनवर ऐकलंत तर हातपाय गाळून बसाल. संध्याकाळी साहेब पॅन्ट न्यायला येणार होते, त्यांच्या कानावर घालणार होतो. पुरुष माणूस, शांतपणे सांगितलं असतं."

पॅन्ट खुंटीला लटकत होती, इस्त्री करून. नवऱ्याने सकाळीच सांगितलं होतं की आज ऑफिसात उशीर होईल, पॅन्ट शनिवारी आणतो. हे काकांना कुणी कळवलं नव्हतं. कळवण्यासारखं ते कुणाला वाटलं नव्हतं.

"ते शनिवारी येणार आहेत," ती म्हणाली.

काकांनी खुंटीवरच्या पॅन्टकडे पाहिलं.

"माप न घेता कापड कापता का तुम्ही, काका?"

"नाही."

"मग माझं कसं कापलंत?"

हे तिने ओरडून म्हटलं नाही. बाळ झोपलेलं होतं. शेजारच्या काउंटरवर बटणं निवडणाऱ्या एका बाईने मान वर केली आणि पुन्हा बटणांत घातली. काकांनी पॅन्ट खुंटीवरून काढली, कागदात गुंडाळली, ती न्यायला तिचा हात मोकळा नाही हे पाहून पुन्हा टांगली.

"पुढच्या वेळी सगळं सांगेन," ते म्हणाले. "तुम्ही रडलात तरी."

"रडेन की. रडायला काय लागतं?"

मधले दिवस तिने बाळाच्या कानामागे बघण्यात घालवले. उजेडात, दिव्यात, आंघोळीनंतर. सासूबाईंनी एकदाही टोमणा मारला नाही. उलट एका सकाळी त्याच चष्मा नाकावर सरकवून बाळाचा कान वळवून बघताना तिला सापडल्या, आणि "मळ आहे का बघत होते" म्हणाल्या. बाळाला एक दिवस अंग तापलं, डॉक्टर म्हणाले ते लसीचं. मग उतरलं. पुरळ आलं नाही. शाळा ठरल्याप्रमाणे उघडली नाही, आणखी एक आठवडा बंद राहिली. तो निरोप काकांनी दिला तेव्हा शाळा उघडण्याची तारीख आणि वारसुद्धा वाचून दाखवला. "आता म्हणून दाखवा," असंही म्हणाले, जे खरं तर त्यांचं काम नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी फोन वाजला तेव्हा ती बाळाला भरवत होती.

"ताई, निरोप," काका म्हणाले. "दुसरीतल्या एका मुलीला गोवर आलाय. तिची लस राहून गेली होती."

तिने चमचा खाली ठेवला.

"त्या वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पालकांनी, लस झालेली असली तरी, मुलांवर लक्ष ठेवावं. ताप, खोकला, डोळे लाल. घरात बाळ किंवा गरोदर बाई असल्यास डॉक्टरांना आजच विचारावं. मुलीचं नाव शाळा सांगणार नाही, कृपया कुणी विचारू नये."

काका थांबले. फोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन चालू नव्हतं. एवढ्या महिन्यांत तिने त्यांचा आवाज असा नुसता कधी ऐकला नव्हता, आणि तो तिच्या कल्पनेपेक्षा म्हातारा होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. सगळं सांगितलं."

"हो."

तिच्या जिभेवर एक प्रश्न आला होता. तिने तो घोळवला नाही, तसाच परत पाठवला. मग निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला, हळू, एकही शब्द न गाळता. तेही तिचं काम नव्हतं. काका ऐकत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले.

"काका, त्यांची पॅन्ट घाईची नाही. राहू दे खुंटीला."

"बरं."

"आणि दुपारी चिमीच्या हाती काही पाठवता येणार नाही आता. मीच येऊन दाराशी ठेवून जाईन. तिच्यासाठी फळं वगैरे."

"ठेवा," काका म्हणाले, आणि फोन बंद झाला.

"कुणाची गं मुलगी?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"शाळेने सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि आधी डॉक्टरांचा, मग मोठ्या बाईंचा नंबर लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पुढचं?"

"पुढचं काही नाही," ती म्हणाली. "एवढाच होता."

"एवढाच होता," बाई म्हणाल्या. दिवा मालवल्याचा आवाज फोनमध्ये येत नाही, पण खुर्ची मागे सरकल्याचा आला.