सिद्धरामला पाहायला आलेली मुलगी

ऋतुजा पाटीलने सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपण विषाणूंच्या मागे लागणार. ती लागली माणसांच्या मागे. सोलापुरात एचआयव्हीचे उपचार चालू असताना मध्येच गायब झालेल्यांना शोधायचं आणि परत आणायचं, ही तिची नोकरी. अट एकच: घरच्यांना, शेजाऱ्यांना, दारातल्या कुत्र्यालासुद्धा कशाचा संशय येता कामा नये.

सिद्धराम तीन महिने दवाखान्याकडे फिरकला नव्हता. फोन बंद. चिंचोळीच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो दुधनीजवळच्या आपल्या गावी गेला होता. गोळ्या अशाच बंद राहिल्या तर तो खंगत जाणार, हे ऋतुजाला आलेख काढून दाखवता आलं असतं. घरी आलात तरी चालेल, असं त्याने पूर्वीच सांगून ठेवलेलं. म्हणून सकाळच्या एसटीत बसून तिने सबब तयार केली: 'मी त्याच्याबरोबर कारखान्यात होते. इकडे आले होते, म्हटलं भेटून जावं.' सबब तिने चारी बाजूंनी तपासली. भोकं सापडली नाहीत. एकटी तरुण मुलगी अविवाहित पोराचं घर विचारत गावात शिरते, तेव्हा गाव काय समजतं, ही पाचवी बाजू एमएस्सीला नव्हती.

"बर्री, बर्री!" असं कानडीत म्हणत सिद्धरामच्या आईने, रत्नम्माने, तिला आत घेतलं आणि पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी शेजारच्या सोनाबाईला हाक मारली. सोनाबाई पदर सावरतच आली.

"आडनाव काय गं, पोरी?"

"पाटील."

"पाटील ढीगभर हायत की. तुमी कुटले?"

ऋतुजाने भोळेपणाने गाव सांगितलं, भाऊ सांगितला, वडिलांची नोकरी सांगितली. माहिती अचूक द्यायची तिची जुनी खोड. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि समोर पोह्यांची बशी आली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पोह्यांवर खोबरं होतं. ओल्या खोबऱ्याचे पोहे कुणी कारखान्यातल्या ओळखीला देत नाही.

एवढ्यात सिद्धराम शेतातून आला. तिला पाहून तो दारातच थिजला.

"आता लाजतोय बघा!" सोनाबाई म्हणाली. "जावा, परसात बोला दोगं. आमी काय ऐकत न्हाय."

परसात म्हैस होती. सोनाबाई मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. दिसेल पण ऐकू जाणार नाही, एवढ्या अंतरावर. समुपदेशनाची खोली अशीच असावी, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. फक्त तिथे म्हैस नव्हती.

"गोळ्या का बंद केल्या?" ऋतुजाने विचारलं.

"मॅडम, हसत विचारा. काकू बगतीया."

मग ऋतुजाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली घालून विचारलं, "ताप येतो? खोकला? वजन घटलंय?" सोनाबाई दारातून समाधानाने मान हलवत होती.

"आई सारखी पोरगी दाखवती," सिद्धराम म्हणाला. "मी कुनाच्या नाकाला नाव ठेवतो, कुनाच्या उंचीला. हितं पोरांना पोरी मिळंनात आन् ह्यो नाकारतोय, म्हनून गाव शिव्या घालतंय. लगीन करावं तर पोरीला फसवायचं. न्हाय करावं तर आईला काय सांगू? मग गोळ्या खाऊन जगायचं तरी कुनासाटी?"

याचं उत्तर देण्यासाठी ऋतुजाकडे सोळा मुद्दे पाठ होते. ते तिने बाजूला ठेवले.

"फसवायचं नाही. सांगून करायचं," ती म्हणाली. "औषध रोज घेतलं आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तसाच राहिला, की शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. आणि याच गोळ्या घेणाऱ्या मुलीही असतात. त्यांच्याही आया स्थळं शोधतात. जमेलच असं वचन मी देत नाही..."

"अशा पोरी असत्यात?"

"असतात. पण आधी डॉक्टरांना दाखवायचं. गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत. आणि डबी तीस अंशांच्या आत..."

"मॅडम, सोलापुरात तीस अंश कुटं मिळत्यात?" तो हसला. पहिल्यांदाच. सोनाबाईने आत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण दोघं परतली तेव्हा रत्नम्माच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता.

सिद्धरामने आईकडे न बघता सांगून टाकलं, "पोरगी बरी हाय. पन लई बोलती. न्हाय जमायचं."

ऋतुजाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याखाली काहीतरी चरचरलं. ज्याला म्हशीसमोर समजावलं, त्या रुग्णाने आपल्याला नाकारावं?

रत्नम्माने कपाळावर हात मारला. "ह्येला राजाची पोरगी पायजे! पोरी, मनावर घेऊ नगंस गं. आमचं पोरगं लई चांगलं हाय, निसतं नशीब आडवं येतंय." तिचे डोळे भरून आले, तशी ऋतुजाची मान पहिल्यांदा खरोखर खाली गेली. रत्नम्मा पोराकडे वळली. "आन् तू रं! नाकारलंस ते नाकारलंस. लोकाची लेक एकटी आली, एकटी जानार व्हय? सोलापूरपत्तोर जा, घराच्या दारात सोड आन् मग ये."

ऋतुजाने तोंड उघडलं, की तशी काही गरज नाही. सिद्धरामने डोळे वटारले. तिने तोंड मिटलं.

एसटीत दोघं पुढच्या-मागच्या बाकांवर बसली. तिने हळूच विचारलं, "आजच येता? दुपारी डॉक्टर असतात."

कंडक्टर आला. सिद्धरामने नोट पुढे केली.

"दोन सोलापूर," तो म्हणाला. "मोट्या दवाखान्यापाशी उतरायचंय."