अस्वल झालेली घोंगडी

मी एक जुनी, काळी, जावळाची घोंगडी आहे. जावळ म्हणजे कोकरांची पहिली लोकर. कुणी मला खरखरीत म्हणू नये म्हणून आधीच सांगून ठेवलं. आणि मित्रांनो, एखादं काम रेंगाळलं की तुम्ही ‘भिजत घोंगडं पडलंय’ म्हणता ना, त्याचाही मला राग येतो. आम्ही भिजतो ते तुम्ही कोरडे राहावं म्हणून!

माण तालुक्यातल्या बनुबाईने माझं सूत कातलं. हरिबा सणगराने मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून मला कडक केलं. बनुबाईने मला नवऱ्याच्या, कोंडीबाच्या खांद्यावर टाकलं आणि बजावलं, “माजी हाय ही. तुमाला नुसती वापराय दिलीया.”

कोंडीबा मेंढ्या घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचा. पाऊस आला की खोळ करून मला डोक्यावर घ्यायचा, थांबला की अंथरायचा. माझ्याशिवाय त्याचं पान हलत नसे.

१९९४ साली कळप पाटणच्या बाजूला कोयनेच्या खोऱ्यात उतरला. बनुबाई लेकीच्या बाळंतपणासाठी घरीच राहिली होती. खोऱ्यात एका सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. गोष्ट भयंकर होती. अस्वल एका शिकाऱ्याला फाडतं, त्याचा मित्र त्याला मेला समजून टाकून पळतो. शिकारी कंदमुळं खाऊन, सरपटत जगतो, अस्वलाला मारतो आणि मग त्या मित्रावर सूड उगवतो.

एका धुक्याच्या सकाळी कोंडीबा मला पांघरून, चुकलेलं कोकरू शोधत झुडपातून वाकून निघाला. शिकारी झालेला नट ऋषिराज त्याला पाहून चप्पल टाकून पळाला! दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाले, “मिळालं आपलं अस्वल!” मुंबईहून आणलेलं केसाळ सोंग त्यांनी बाजूला फेकलं. मग मला टाके घालून कोंडीबाच्या अंगावर चढवलं.

अस्वल पहिल्यांदा गुरगुरलं, तेव्हा मालकाचा आवाज ओळखून ऐंशी मेंढ्या धावत आल्या आणि अस्वलाला चाटू लागल्या. दोन दिवस काम अडलं. हो, भिजत घोंगडं पडलं. म्हणा.

शेवटी अस्वलाला मारण्याचा प्रसंग आला. कोंडीबाने हात जोडले. “सायेब, मला काय बी करा, पर घोंगडीला सुरी लावू नगा. बायकूची हाय.” खोटी सुरी वापरायचं ठरलं. पण ऐन वेळी ती सापडेना, म्हणून स्वयंपाक्याची सुरी आणली. ऋषिराज अभिनयाच्या भरात वाहवला. सुरी माझ्यातून आरपार गेली. मी होता होईल तेवढं तिला अडवलं, तरी कोंडीबाच्या बरगडीवर चार बोटं लांब जखम झाली. मी त्याच्या रक्ताने भिजले.

त्याने मला नदीवर धुतलं, वेडेवाकडे टाके घातले आणि घरी सांगितलं, करवंदीच्या जाळीत अडकून फाटली. खरं कळलं तर बनुबाई जन्मभर घोर लावून घेईल, हे त्याला ठाऊक होतं. सुरी लागली तेवढं चित्रण सिनेमावाल्यांनी टाकून दिलं असेल, अशी त्याची समजूत. बनुबाईने मात्र वर्षभर त्याला फाडून खाल्लं. “माज्या वस्तूची तुमाला किंमतच न्हाई!” कोंडीबा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मला बोलता आलं असतं तर!

पुढच्या साली कळप सांगलीजवळ कृष्णाकाठी बसला होता. बनुबाई या खेपेला सोबत होती. सिनेमा लागल्याचं कळताच तिने हट्ट धरला. “अस्वल झालावता म्हणं. बगू तरी.” दुपारच्या खेळाला दोघं गेली. मी कोंडीबाच्या खांद्यावर होते.

पडद्यावर सुरी वर गेली. अस्वल कोसळलं. त्याला डरकाळीचा आवाज जोडला होता, पण तीस वर्षं ज्याला उठता-बसता पाहिलं, त्याचं कळवळणं बनुबाईला कळणार नाही? ती ताडकन उभी राहिली.

“आवं मावशी, खाली बसा!” मागून लोक ओरडले.

“गप रं! खरं मारलंय माज्या मानसाला!”

अंधारातच तिने मला बाजूला सारलं, त्याची पैरण वर केली आणि बरगडीवरून बोटं फिरवली. वण हाताला लागला.

“वरीसभर बोलले तुमाला,” ती हुंदके देत म्हणाली. “त्वांड न्हवतं व्हय सांगाय?”

“तुजी घोंगडी फाटली म्हून…”

“मसणात गेली ती घोंगडी!”

मित्रांनो, एरवी मला केवढा राग आला असता. पण आयुष्यात पहिल्यांदाच, मला शिव्या बसल्या आणि बरं वाटलं.

आता घरात मऊ ब्लँकेटं आली आहेत आणि मी पेटीवर पडून असते. तुमच्याकडे माझी कुणी बहीण असेल तर तिला ऊन दाखवा, लोकर खाणारी कसर लागू देऊ नका. आणि कुणी फाटकी वस्तू घेऊन घरी आलं, तर वस्तू मागाहून बघा. आधी त्या माणसाची पैरण वर करून बघा.